मतपत्रिकेवर नाव कुठे छापलं यावरून एवढं रामायण का? न्यू जर्सीच्या 'काउंटी लाइन'ची गोष्ट

जून 2025 मध्ये न्यू जर्सीचे मतदार गव्हर्नरपदाचे उमेदवार निवडायला गेले, तेव्हा बहुतेकांच्या हातातली मतपत्रिका राज्याच्या जुन्या मतपत्रिकेपेक्षा वेगळी होती. जुन्या भल्यामोठ्या तक्त्याऐवजी आता प्रत्येक पदाचा वेगळा चौकोन होता आणि त्या पदाचे सगळे उमेदवार त्या चौकोनात एकाखाली एक छापलेले होते. बदल म्हणाल तर एवढाच. पण त्यासाठी कोर्टात दावे लढवले गेले, राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलनी आपल्याच राज्याच्या कायद्याचा बचाव करायला नकार दिला आणि शेवटी विधिमंडळाला नवा कायदा करावा लागला.

एडिसन, प्लेन्सबरो, जर्सी सिटी या भागांत मराठी घरं बरीच आहेत. त्यांतल्या ज्यांनी नागरिकत्व घेतलंय, त्यांना ती जुनी मतपत्रिका चांगली आठवत असेल. इथे बसून बातम्या वाचणाऱ्यांना मात्र प्रश्न पडतो. उमेदवार तेच, मतदार तेच, मोजणी तीच. मग नाव डावीकडे छापलं की उजवीकडे, याने काय बिघडतं?

बरंच बिघडतं. कसं, ते क्रमाने बघू.

आधी प्रायमरी समजून घेऊ

आपल्याकडे तिकीट कोणाला द्यायचं ते पक्षश्रेष्ठी ठरवतात. इच्छुक मुंबई-दिल्लीच्या वाऱ्या करतात, शेवटच्या दिवशी एबी फॉर्म कोणाच्या हातात पडतो त्यावर सगळं अवलंबून असतं. अमेरिकेत तिकिटाचा निर्णय मतदार करतात. पक्षाचे मतदार मुख्य निवडणुकीच्या काही महिने आधी मतदान करून आपल्या पक्षाचा उमेदवार निवडतात. या निवडणुकीला प्रायमरी म्हणतात. उमेदवारी मूठभर पुढाऱ्यांच्या हातातून काढून मतदारांच्या हातात द्यायची, याच हेतूने ही पद्धत शंभरेक वर्षांपूर्वी तिथे रुजली. हा हेतू लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा वाद त्याच्याभोवती फिरतो.

जिथे एकाच पक्षाचं वर्चस्व असतं, तिथे प्रायमरी हीच खरी निवडणूक ठरते. सिनेट म्हणजे अमेरिकी संसदेचं वरचं सभागृह. तिथे न्यू जर्सीने 1972 नंतर एकदाही रिपब्लिकन सिनेटर निवडून दिलेला नाही. म्हणजे डेमोक्रॅटिक प्रायमरी जो जिंकला, तो जवळपास सिनेटमध्ये पोचलाच.

प्रायमरीत मतदाराला आणखी एक अडचण असते. मुख्य निवडणुकीत ज्याला उमेदवाराची काही माहिती नाही, तो निदान पक्षाचं नाव बघून मत देतो. प्रायमरीत तर सगळे एकाच पक्षाचे. सिनेटचा उमेदवार टीव्हीवर दिसलेला असतो. पण काउंटी कमिशनर, म्हणजे साधारण आपल्या जिल्हा परिषद सदस्यासारखं पद, त्यासाठी उभे असलेले लोक कोण हे किती जणांना ठाऊक असतं? अशा वेळी डोळे आधार शोधतात आणि तो आधार त्यांना मतपत्रिकेवरच मिळतो.

'लाइन' कशी दिसायची

न्यू जर्सीत 21 काउंट्या, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग, आहेत. त्यांपैकी सेलम आणि ससेक्स या दोन सोडून उरलेल्या 19 काउंट्यांत प्रायमरीची मतपत्रिका एखाद्या तक्त्यासारखी असायची. बहुतेक ठिकाणी डाव्या कडेला वरून खाली पदं: राष्ट्राध्यक्ष, सिनेट, काँग्रेस (इथे अर्थ संसदेचं खालचं सभागृह), शेरीफ, काउंटी कमिशनर वगैरे. त्यांच्या उजवीकडे रकाने. काउंटीतल्या पक्ष संघटनेने ज्यांना पाठिंबा दिला, ते सगळे एकाच रकान्यात, वरपासून खालपर्यंत सलग. या भरलेल्या रकान्यालाच 'काउंटी लाइन' किंवा नुसतं 'लाइन' म्हणतात. काही काउंट्यांत ती आडवी असायची, तत्त्व तेच.

आता अशी मतपत्रिका डोळ्यांसमोर आणा. पहिला रकाना गच्च भरलेला. सर्वांत वर राष्ट्राध्यक्षपदासाठी देशभर माहीत असलेलं नाव आणि त्याखाली न तुटता उतरत जाणारी इतर पदांची नावं. प्रत्येक नावाशी पक्ष संघटनेची तीच घोषणा छापलेली. शेजारच्या रकान्यात एखाद-दुसरं नाव. त्यापलीकडे कधी कधी चक्क कोरी जागा. आणि पार टोकाला, कोणाचीही सोबत नसलेला एक सिनेटचा उमेदवार. तो भरलेल्या लाइनमधल्या प्रतिस्पर्ध्याइतकाच रीतसर सह्या गोळा करून, अर्ज भरून उभा राहिलेला असतो. पण कागद बघणाऱ्याला वाटतं की हा कोणीतरी हौशी दिसतोय. तिथले राजकारणी या कोपऱ्याला 'बॅलट सायबेरिया' म्हणतात.

कधी कधी याहून वाईट व्हायचं. एकाच पदाचे दोन उमेदवार एकाच रकान्यात एकाखाली एक छापले जायचे. लाइनमध्ये प्रत्येक ओळीला एक खूण करायची सवय लागलेला मतदार दोघांनाही मत देऊन बसायचा आणि त्या पदासाठीचं त्याचं मत बाद व्हायचं.

हॉटेलातल्या थाळीचं उदाहरण घ्या. फलकावर ठळक अक्षरांत थाळी लिहिलेली असते, वेटरही आधी तीच सांगतो. तुम्हाला वांग्याच्या भाजीऐवजी मटकीची उसळ हवी असेल, तर मेनूकार्ड मागून, शेवटच्या पानावर ती शोधून वेगळी मागवावी लागते. मनाई कोणीच करत नाही. पण गर्दीच्या वेळी किती गिऱ्हाइकं ते पान उघडतील? लाइन हे असंच होतं. बारा पदांसाठी बारा वेळा विचार करण्यापेक्षा एका रकान्यात वरून खाली खुणा करत जाणं सोपं, आणि ती सोय फक्त एकाच गटाच्या वाट्याला येत होती.

"पण क्रम तर चिठ्ठी टाकून ठरायचा ना?"

ठरायचा, पण त्या चिठ्ठ्यांतच मेख होती. पहिला रकाना कोणाला, याची सोडत सगळ्या उमेदवारांची होत नसे. बहुतेक ठिकाणी आधी एका ठरावीक पदाच्या उमेदवारांच्या चिठ्ठ्या निघत आणि त्यांच्याशी ज्यांनी गट जोडलेला असे, ते त्यांच्यासोबत त्या रकान्यात जात. जो कोणाशीच जोडलेला नाही, तो पहिल्या जागेच्या शर्यतीतच नसे. म्हणजे सिनेटसाठी एकट्याने उभं राहायचं असेल, तर दोनच वाटा उरत. एक तर प्रत्येक काउंटीत खालच्या पदांसाठी आपली माणसं उभी करायची, मग त्यांची राजकीय मतं पटोत वा न पटोत. नाही तर टोकाचा कोपरा पत्करायचा. हे सगळं पार पाडणारा काउंटी क्लर्क हाही पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेला माणूस.

आणि पाठिंबा कोण ठरवायचं? काही काउंट्यांत पक्षाचं अधिवेशन भरून गुप्त मतदान व्हायचं. काहींत मात्र अध्यक्ष आणि त्यांच्या भोवतीचे चार-दोन लोक ठरवतील ते. म्हणजे पुढाऱ्यांच्या हातून काढलेली उमेदवारी मतपत्रिकेच्या छपाईतून पुन्हा त्यांच्याच हातात आली होती. मला यातली सर्वांत मोठी अन्यायाची गोष्ट हीच वाटते.

फरक पडतो हे कळलं कसं?

रटगर्स विद्यापीठातल्या प्राध्यापक ज्युलिया सास रुबिन यांनी यासाठी साधी पण चोख युक्ती वापरली. गव्हर्नर किंवा सिनेटचा उमेदवार अनेक काउंट्यांत उभा असतो, काँग्रेसचे मतदारसंघही बऱ्याचदा दोन-तीन काउंट्यांत पसरलेले असतात. त्यामुळे एकाच निवडणुकीत एकाच उमेदवाराला एका काउंटीत लाइन मिळते आणि शेजारच्या काउंटीत ती त्याच्या प्रतिस्पर्ध्याकडे असते. मग दोन्हीकडची त्याची मतं ताडून बघायची. अशा दोन दशकांच्या निवडणुका तपासल्यावर सरासरी फरक निघाला सुमारे 38 टक्क्यांचा. म्हणजे जिथे लाइन नाही तिथे 30 टक्के मतं घेणारा, लाइन असलेल्या काउंटीत 68 च्या घरात जातो. दोन-चार टक्क्यांनी जय-पराजय ठरतो अशा खेळात हा आकडा अचाट आहे.

यावर रास्त आक्षेप असा, की ज्या काउंटीत माणूस आधीच लोकप्रिय, तिथलीच संघटना त्याला पाठिंबा देणार. मग मतं लाइनमुळे पडली की लोकप्रियतेमुळे? याचं उत्तर प्रयोगाने देता येतं. मिशिगन विद्यापीठाचे जॉश पासेक यांनी न्यू जर्सीच्या मतदारांना दोन प्रकारच्या मतपत्रिका दाखवल्या. कोणाला कुठली, हे योगायोगावर सोडलं. उमेदवार तेच, मांडणी तेवढी वेगळी. लाइनवर छापलेल्या उमेदवारांना तिथेही जास्त पसंती मिळाली. इथे लोकप्रियतेचा मुद्दा उरतच नाही.

2024: अँडी किम कोर्टात जातात

सप्टेंबर 2023 मध्ये न्यू जर्सीचे सिनेटर बॉब मेनेंडेझ यांच्यावर लाचखोरीचे आरोप ठेवले गेले. दुसऱ्याच दिवशी काँग्रेस सदस्य अँडी किम यांनी त्यांच्याविरुद्ध उभं राहायचं जाहीर केलं. नोव्हेंबरात गव्हर्नर फिल मर्फी यांच्या पत्नी टॅमी मर्फी मैदानात उतरल्या. त्यांनी आधी कोणतंही निवडून यायचं पद भूषवलं नव्हतं. तरी मोठ्या काउंट्यांच्या अध्यक्षांनी भराभर त्यांना पाठिंबा दिला. राज्याच्या गव्हर्नरशी वाकडं घेणं सोपं नसतं. पुढे मन्मथ काउंटीच्या अधिवेशनात गुप्त मतदान झालं, तिथे मात्र किम जिंकले.

26 फेब्रुवारी 2024 रोजी किम आणि काँग्रेसच्या आणखी दोन महिला उमेदवारांनी फेडरल कोर्टात दावा लावला. मागणी एकच: प्रायमरीत प्रत्येक पदाचा वेगळा चौकोन छापा. अशा पदवार मतपत्रिका देशात इतरत्र सर्रास वापरल्या जातात. 17 मार्चला अ‍ॅटर्नी जनरल मॅट प्लॅटकिन यांनी कोर्टाला कळवलं, की लाइन राज्यघटनेत बसत नाही असं आपलं मत असल्यामुळे आपण तिचा बचाव करणार नाही. दुसऱ्या दिवशी न्यायाधीश झाहिद कुरेशी यांच्यासमोर सुनावणी झाली.

24 मार्चला टॅमी मर्फी यांनी माघार घेतली. आता किम यांनाच सगळीकडे लाइन मिळायची चिन्हं होती. ज्या मांडणीविरुद्ध ते भांडत होते, तिचाच आयता फायदा त्यांच्या पदरात पडणार होता. विरोधी वकील म्हणाले, आता तक्रार उरलीच कुठे? किम यांनी दावा मागे घेतला नाही. या प्रकरणातला मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हा क्षण. नियम आपल्याला सोयीचा झाल्यावरही तो चुकीचाच आहे असं म्हणत राहणारे राजकारणी कुठल्याच देशात फारसे भेटत नाहीत.

29 मार्चला कुरेशी यांनी डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरती लाइन थांबवली. प्रत्येक पदाचा वेगळा चौकोन छापायचा आणि प्रत्येक उमेदवाराला पहिल्या जागेची समान संधी मिळेल अशी सोडत काढायची, असा आदेश दिला. काउंटी क्लर्क म्हणत होते की एवढ्या थोड्या दिवसांत नव्या मतपत्रिका होणं अशक्य आहे. 17 एप्रिलला अपील कोर्टाने आदेश कायम ठेवला आणि 4 जूनला नव्या मतपत्रिकांवर मतदान पारही पडलं. किम मोठ्या फरकाने जिंकले आणि नोव्हेंबरात सिनेटवर निवडून आले.

त्याच 4 जूनला रिपब्लिकन प्रायमरीही होती. आदेश डेमोक्रॅटिक पक्षापुरता असल्यामुळे तिथे लाइन तशीच होती. सिनेटच्या उमेदवारीसाठी डोनाल्ड ट्रम्प यांनी क्रिस्टीन सेरानो ग्लासनर यांना पाठिंबा दिला होता. जिंकले कर्टिस बॅशॉ, ज्यांच्याकडे जास्त काउंट्यांची लाइन होती. एका निकालावरून सिद्धान्त मांडू नये, हे खरं. पण त्या वर्षी रिपब्लिकन मतदारांत ट्रम्प यांचा शब्द किती चालत होता ते आठवा.

मार्च 2025 मध्ये गव्हर्नर मर्फी यांनी नव्या कायद्यावर सही केली आणि दोन्ही पक्षांच्या प्रायमरीतून लाइन गेली.

"पक्षाने आपली पसंती सांगूच नये का?"

लाइनच्या बाजूने मांडला गेलेला सर्वांत वजनदार मुद्दा हाच. पक्ष ही लोकांनी एकत्र येऊन उभी केलेली संघटना आहे. कोण आपला, हे सांगायचा तिला हक्क आहे, आणि तो अमेरिकेच्या राज्यघटनेने मान्यही केलेला आहे. अनोळखी उमेदवारांच्या गर्दीत मतदाराला त्याची मदतही होते.

हे सगळं मान्य केलं तरी लाइन वाचत नाही. पक्षाने सभा घ्याव्यात, पत्रकं वाटावीत, घरोघरी जावं. उमेदवाराच्या नावाशेजारी संघटनेची घोषणाही पदवार मतपत्रिकेवर छापता येते. पण मतपत्रिका हा सरकारी कागद आहे, तो सगळ्यांच्या पैशातून छापला जातो. एका गटाच्या प्रचाराचं काम त्या कागदाने करू नये, एवढंच म्हणणं आहे.

"मग पाठिंबा असलेले हरायला हवे होते"

तसं कोणी म्हटलेलंच नाही. त्याच 2024 च्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत, नव्या मतपत्रिकेवर, सिनेटर मेनेंडेझ यांचे चिरंजीव रॉब मेनेंडेझ ज्युनियर यांनी होबोकनचे महापौर रवी भल्ला यांना हरवून काँग्रेसची उमेदवारी राखली. वडिलांवर खटला सुरू होता, तरी पक्ष संघटना त्यांच्यामागे उभी होती. 2025 मध्ये गव्हर्नरपदाची डेमोक्रॅटिक उमेदवारी सहा जणांच्या लढतीत मिकी शेरिल यांनी जिंकली. त्यांच्याही पाठीशी अनेक काउंटी संघटना होत्या. संघटनेकडे माणसं असतात, पैसा असतो, वर्षानुवर्षांची ओळख असते. त्या जोरावर जिंकण्यात गैर काही नाही. जिंकणाऱ्याने ते मतदारासमोर कमवावं, छापखान्यातून मिळवू नये.

"नावं अकारविल्हे लावली की प्रश्न मिटला"

नाही मिटत. यादीत पहिला असणाऱ्याला थोडा फायदा होतो, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. ओहायोतल्या 1992 च्या 118 लढती तपासल्या, तेव्हा जवळजवळ निम्म्यांमध्ये नावाच्या क्रमाचा परिणाम आढळला आणि पहिल्या नावाला सरासरी अडीच टक्के मतं जास्त मिळालेली दिसली. कॅलिफोर्नियातल्या 1978 ते 2002 च्या निवडणुकांवरचा डॅनियल हो आणि कोसुके इमाई यांचा अभ्यास तर थेट आपल्या विषयाशी भिडतो. मुख्य निवडणुकीत हा परिणाम प्रामुख्याने छोट्या पक्षांपुरता दिसला. प्रायमरीत मात्र पहिल्या जागेचा फायदा सगळ्यांनाच झाला. तपासलेल्या प्रायमरींपैकी 12 टक्क्यांपर्यंत लढतींत त्यामुळे विजेता बदलला असू शकतो, असा त्यांचा अंदाज आहे. मग अकारविल्हे यादी म्हणजे ज्याचं आडनाव आधी त्याला जन्मभराची बक्षिसी.

कॅलिफोर्नियाने यावर छान तोड काढली आहे. तिथे आधी सगळी अक्षरं सोडतीने उलटसुलट लावतात आणि त्या क्रमाने नावं मांडतात. शिवाय राज्यभरच्या पदांसाठी विधानसभेच्या 80 मतदारसंघांत क्रम फिरवत नेतात. वरचा एका ठिकाणी खाली जातो, दुसरा वर येतो. फायदा नाहीसा होत नाही, पण वाटला जातो.

आपल्याकडे काय चित्र आहे?

प्रायमरी आपल्याकडे नाही, पण पदवार मांडणी मराठी मतदाराला चांगली ठाऊक आहे. 2017 ची पुणे महापालिकेची निवडणूक आठवा. चार जणांचा प्रभाग; अ, ब, क, ड अशा चार जागा; प्रत्येक जागेचा रंग वेगळा: पांढरा, गुलाबी, पिवळा, निळा. पक्षांनी 'पॅनेल टू पॅनेल' मतदानासाठी जिवाचं रान केलं. पण यंत्रावर प्रत्येक जागेचे सगळे उमेदवार एकत्र होते. अ जागेला एका पक्षाचा, ब ला दुसऱ्याचा, असं मत द्यायला मतदाराला काही शोधाशोध करावी लागत नव्हती. न्यू जर्सीने जे 2025 मध्ये कायदा करून मिळवलं, ते त्या प्रभागात आधीपासून होतं.

सगळंच आलबेल आहे असं मात्र नाही. लोकसभा-विधानसभेला नावं तीन गटांत लावतात: आधी मान्यताप्राप्त पक्ष, मग नोंदणीकृत पण मान्यता नसलेले, शेवटी अपक्ष, प्रत्येक गटात अकारविल्हे. म्हणजे अपक्ष कायमचा तळाशी. आणि 2024 च्या लोकसभेत चिन्हांचा घोळ आपण पाहिलाच. राष्ट्रवादीच्या शरद पवार गटाचं चिन्ह होतं 'तुतारी वाजवणारा माणूस', तर 'ट्रम्पेट' हे चिन्ह मराठी यादीत 'तुतारी' म्हणूनच आलं आणि ते इतर उमेदवारांना मिळालं. साताऱ्यात शशिकांत शिंदे 32,771 मतांनी हरले. तिथे ट्रम्पेटवाल्या उमेदवाराने 37,062 मतं घेतली. ती सगळी चुकून पडली असं कोणी सिद्ध करू शकत नाही. पण मतदाराला असं कोड्यात टाकणारी मतपत्रिका स्वीकारायचं कारणही नाही.

न्यू जर्सीत अजून काय बाकी आहे?

लाइन गेली तरी पहिल्या जागेचा प्रश्न तिथे उरलाच आहे. आता सोडत सगळ्यांची होते, प्रत्येक काउंटीत वेगळी होते. पण एकदा चिठ्ठी निघाली की त्या काउंटीभर तोच क्रम. बर्गन काउंटीची लोकसंख्या साडेनऊ लाखांच्या वर आहे. तिथे ज्याची चिठ्ठी आधी निघाली, त्याला एवढ्या मोठ्या मतदारवर्गापुढे सगळीकडे वरची जागा, आणि ज्याची निघाली नाही त्याच्या वाट्याला कदाचित वस्ती आणि पक्षाचा जोर दोन्ही कमी असलेली सेलम काउंटी. ओहायोत मतदान केंद्रांच्या हद्दीनुसार नावं फिरवतात. न्यू जर्सीनेही तेच करावं. छपाईचं काम थोडं वाढेल, खर्चही वाढेल. पण वेळ नाही, जमणार नाही असं क्लर्क 2024 च्या मार्चमध्येही म्हणत होते, आणि जूनमध्ये मतपत्रिका तयार होत्या.